विषय: रविवारची बाग – आईची व्हीलचेअर फाटकातून जात नाही

मंडळी,
रविवारच्या सहलीची तलावाकाठची बाग काल मुद्दाम बघून आले. बाकी सगळं जमलंय, फक्त फाटकाशी अडलंय. मोटारसायकली आत घुसू नयेत म्हणून लोखंडी पाइपांची नागमोडी वाट केलीय. टेप लावून मोजली, जेमतेम ५० सेंटिमीटर. आईची खुर्ची ६५ ची. मागचं मोठं फाटक आहे, पण त्याला कुलूप. रखवालदार म्हणाले, किल्ली ऑफिसात आणि रविवारी ऑफिस बंद. आईनं गेल्या गड्ड्यापासून, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेपासून, पाणी बघितलेलं नाही. कुणाची ओळख आहे का?
– जुळे सोलापूर

अक्का, ओळख कशाला? हा आईंचा हक्क आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सार्वजनिक जागांनाही लागू होतो. सरकारी मार्गदर्शक सूचनांत फाटकाची मोकळी रुंदी किमान ९० सेंटिमीटर सांगितलीय. लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. मसुदा आज रात्री पाठवतो. मी शुक्रवारी पोचतोय.
– खजिनदार, दुबई

अर्जानं रविवारपर्यंत कुलूप उघडेल? त्यापेक्षा कंबर तलावाला चला. विजापूर रोडवर गाडी लावायलाही बरं.
– सात रस्ता

संभाजी तलाव म्हणा. आपली मुलं परदेशात वाढतायत, निदान नाव तरी नीट कळू दे त्यांना.
– विजापूर रोड

माझे वडील शेवटपर्यंत कंबरच म्हणायचे. पहाटे पाचला सायकलवर पुढच्या दांडीवर बसवून न्यायचे, धुक्यात काठ दिसायचा नाही, नुसती बदकं ऐकू यायची. ते नाव मी सोडणार नाही.
– सात रस्ता

तलाव कुठलाही धरा, पण तारीख हलवू नका. यात्रेत अक्षतेच्या दिवशी नंदीध्वजांची मिरवणूक निघाली की गावात गाडी हलत नाही, म्हणून तर आधीचा रविवार धरला. आणि डब्याचं कुणी परस्पर ठरवू नका. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही माझ्याकडे, दरवर्षीसारखं. हुरडा शेतावरून येईल, तो मात्र गरमच खायचा, डब्यात भरायचा नाही.
– साखर पेठ

हुरड्याबरोबर लसणाची चटणीही हवी. ती मी आणते.
– पार्क चौक

लसणाची माझ्याकडेही असते.
– साखर पेठ

खुर्ची बाहेर ठेवून चौघांनी आईंना उचलून नेलं तर? आम्ही तिघं भाऊ आहोतच.
– विजापूर रोड

नको हो दादा. पडल्यापासून तिला कुणी उचललं की ती डोळे मिटून घेते. तिला स्वतः बसून, पाण्याकडे तोंड करून जायचंय.
– जुळे सोलापूर

अर्ज आज दिला. मसुद्यातला ९० चा आकडा साहेबांनी दोनदा वाचला, मग शिक्का मारून पोच दिली. किल्ली शनिवारी संध्याकाळी रखवालदारांकडे येईल, रविवारी सातला ते मागच्या फाटकाशी थांबतील. पुढचं फाटक रुंद करायचं ते बघतो म्हणाले; खजिनदारसाहेब, त्याचा पाठपुरावा तुम्ही इथं आहात तोवर करूया. मागचं कुलूप पार गंजलंय, हात लावला तर बोटं तांबडी झाली. कुणीतरी शिलाई मशिनचं तेल आणा.
– जुळे सोलापूर