चर्चा: बिनसंदर्भाचं वाक्य ठेवायचं की उचलायचं? (निमित्त: लोणार सरोवर)

खडकवही

मराठी विकिपीडियावरचा एखादा लेख मासिक सदराच्या (मुखपृष्ठावर महिनाभर झळकणाऱ्या निवडक लेखाच्या) दर्जाला न्यायचा, तर आधी भर घालायची की आधी छाटायचं? माझं मत छाटणीच्या बाजूनं आहे. ज्या वाक्याला संदर्भ नाही ते लेखातून उचलून लेखाला जोडलेल्या चर्चा पानावर न्यावं आणि संदर्भ मिळाला की परत आणावं. 'संदर्भ हवा' हा साचा (वाक्याला जोडायची तयार खूण) चिकटवून वाक्य वर्षानुवर्षं ताटकळत ठेवण्यात काही अर्थ नाही.

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारचं उदाहरण घेतो. उल्केच्या आघातानं पडलेल्या विवरात साठलेलं हे सरोवर. कोणत्या आवृत्तीत आज काय आहे याच्याशी मला कर्तव्य नाही, कारण ही वाक्यं काढली तरी कुणीतरी पुन्हा आणून घालतंच: 'बेसॉल्टमधलं जगातलं एकमेव आघात विवर', 'जगातलं तिसऱ्या क्रमांकाचं विवर', 'वय ५२ हजार वर्षं'.

'एकमेव' चूक आहे. बेसॉल्ट म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक. ब्राझीलमधली वार्जियांव आणि विस्ता अलेग्री ही विवरं बेसॉल्टमधलीच, आणि रशियातलं लोगांचाही सैबेरियाच्या बेसॉल्टमधलं. 'तिसऱ्या क्रमांकाचं' तर त्याहून चूक. पृथ्वीवर खात्रीची आघात विवरं दोनशेच्या घरात आहेत आणि त्यांत १.८ किमी व्यासाचं लोणार लहानांमध्ये मोडतं. भारतातच मध्य प्रदेशातलं धाला आणि राजस्थानातलं रामगढ त्याच्याहून मोठी आहेत. बेसॉल्टमधलं, वयानं तरुण आणि चांगलं टिकून राहिलेलं विवर एवढं म्हणता येतं. लोणारचं महत्त्व तेवढ्यानं पुरेसं कळतं, त्याला विश्वविक्रमाची झालर कशाला?

पद्धत सोपी आहे. अख्खा लेख धूळपाटीवर (सरावासाठीच्या पानावर) चिकटवा आणि दर ओळीला एकच वाक्य ठेवा. प्रत्येक वाक्यापुढे चारपैकी एक खूण करा: संदर्भ आहे आणि तो तेच सांगतो, संदर्भ आहे पण तो वेगळंच सांगतो, संदर्भ नाही, संदर्भाची गरज नाही. यातला दुसरा गट सगळ्यांत धोक्याचा, कारण वाक्याच्या शेवटी आकडा दिसला की वाचणारा निर्धास्त होतो.

चावडीकर

छाटणीला माझा विरोध आहे, आणि तो भावनेपोटी नाही.

चुकीचं वाक्य आणि बिनसंदर्भाचं वाक्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'एकमेव' चूक आहे हे तुम्ही दाखवलंत, मग ते आजच उडवा, माझाही कौल घ्या. पण 'विवराच्या आत कमळजा देवीचं मंदिर आहे' याला संदर्भ नाही म्हणून तेही उचलणार? नियम असा आहे की ज्याला कुणी आक्षेप घेतलाय किंवा घेईल असं वाटतं, त्याला संदर्भ लागतो. सूर्य पूर्वेला उगवतो याला लागत नाही.

दुसरं, चर्चा पान म्हणजे माळा. तिथे ठेवलेली वस्तू खाली येत नाही. इंग्रजी विकिपीडियावर चांगल्या लेखाची तपासणी लेखात फारसं काम न केलेला एक सदस्य करतो, सहा निकषांवर घासून बघतो आणि सुधारणेसाठी साधारण सात दिवस देतो. तिथे सात दिवसांत धावून येणारे लोक असतात. आपल्याकडे सक्रिय हात मोजके आहेत. त्यांतल्या निम्म्यांनी कात्री घेतली तर लिहिणार कोण?

आणि एक निव्वळ तांत्रिक गोष्ट. संदर्भाला नाव देऊन तो पाच ठिकाणी वापरलेला असतो, पण त्याचा पूर्ण तपशील एकाच ठिकाणी लिहिलेला असतो. नेमकं ते वाक्य तुम्ही उचललंत की उरलेल्या चार ठिकाणी लाल अक्षरांत त्रुटी उमटते, आणि मग दुसराच कुणी 'तुटका संदर्भ' म्हणून ती चार वाक्यंही उडवतो. वाक्य उचलण्याआधी संपादन खिडकीत त्या संदर्भाचं नाव शोधा, तपशील पुढच्या वापराशी हलवा आणि मगच हात लावा.

खडकवही

@चावडीकर, तुटक्या संदर्भांचा मुद्दा मान्य. तो पद्धतीत घालतो.

पण साचा लावून वाट बघण्यातला खरा धोका तुम्ही टाळलात. साचा लावलेलं वाक्य वाचकासमोर राहतंच. तिथून ते बातमीत जातं, स्पर्धा परीक्षांच्या टिपणांत जातं, आणि दोनतीन वर्षांनी कुणीतरी तीच बातमी संदर्भ म्हणून आणून साचा काढतो. साप आपलंच शेपूट गिळतो.

हे पकडायचं कसं? 'इतिहास पहा' उघडून ते वाक्य पहिल्यांदा कोणत्या तारखेला आलं ते शोधा. जुन्या आवृत्त्या निम्म्या-निम्म्यानं तपासत गेलं तर हजार आवृत्त्यांतूनही दहा खेपांत सापडतं. मग संदर्भ म्हणून दिलेल्या बातमीची तारीख बघा. बातमी नंतरची असेल, शब्दरचना तीच असेल, आणि आकड्यातली विचित्र चूकही तीच असेल, तर तो संदर्भ नाही, आपलाच प्रतिध्वनी आहे. दुवा मेलेला असेल तर वेबॅक मशीन या जुन्या जालपानांच्या संग्रहात जतन केलेली प्रत शोधा. मेलेला दुवा म्हणजे संदर्भ नाही असं मात्र समजू नका, छापील अंकाची तारीख आणि पान असेल तर तो चालतो.

पाटीपेन्सिल

दोघंही संदर्भांवर भांडताय, पण लेख वाचायला नकोसा होतो त्याचं काय? 'लोणार सरोवर हे बुलढाणा जिल्ह्यामध्ये स्थित असलेले एक सरोवर आहे जे की उल्केच्या आघाताद्वारे निर्मित झालेले आहे.' हे मराठी नाही, भाषांतर साधनातून बाहेर पडलेलं पीठ आहे. 'लोणार सरोवर बुलढाणा जिल्ह्यात आहे. उल्केच्या आघातानं पडलेल्या विवरात ते साठलं आहे.' झालं!

इंग्रजी लेखावरून आणायचं तर किमान चार गोष्टी बघा:

'स्थित', 'द्वारे', 'जे की' शोधा आणि प्रत्येक जागी वाक्य मोडून लिहा.

व्यास कशाचा ते स्पष्ट करा. विवराचा काठापासून काठापर्यंत सुमारे १.८ किमी, पाण्याचा सुमारे १.२ किमी. माहितीचौकटीत सरोवराच्या रकान्यात विवराचा आकडा पडला की पुढे सगळे तोच उचलतात. खोलीचंही तसंच. दीडशे मीटरच्या आसपासची खोली ही काठापासून तळापर्यंतची. पाण्याची खोली काही मीटरच आणि ती पावसाप्रमाणे बदलते. 'सरोवर १५० मीटर खोल' असं लिहिणाऱ्यानं त्यात बुडी मारून बघावी.

मूळ लेखातले संदर्भ न उघडता आणू नका. तुम्ही वाचला नाही तो संदर्भ तुमचा नाही.

आणि बदलाच्या सारांशात 'इंग्रजी विकिपीडियावरील अमुक लेखातून अनुवाद' असं दुव्यासह लिहा. तिथला मजकूर मुक्त परवान्यावर असला तरी श्रेय देणं ही त्या परवान्याचीच अट आहे.

जाता जाता: बुलढाणा की बुलडाणा यावर संपादनयुद्ध करू नका. एक नाव लेखाला ठेवा, दुसऱ्यावरून पुनर्निर्देशन द्या.

सांगकाम्या_नाही

एका लोणारवर इतका वेळ घालवण्यापेक्षा बुलढाण्यातल्या गावांचे शंभर इवलेसे लेख करा की. शोधणाऱ्याला निदान काहीतरी मिळेल.

खडकवही

@सांगकाम्या_नाही, गावाचं नाव, तालुका आणि 'हवामान उष्ण व कोरडे' ही तीन वाक्यं शंभरदा चिकटवली की शोधणाऱ्याला एकच लेख शंभरदा मिळतो.

गोमुख

मी चावडीकरांच्या बाजूनं, पण कारण वेगळं. तुमच्या छाटणीत आधी कोण कापलं जाणार ते दिसतंय: लवणासुर या दैत्याच्या वधाची कथा, गावातलं दैत्यसूदन मंदिर, काठावरची पाण्याची धार. शोधनिबंध भूशास्त्राचेच मिळतात म्हणून लेख नुसता दगडांचा होणार. लोणार हे गाव आहे, तीर्थ आहे, तिथे लोक राहतात.

खडकवही

@गोमुख, कथा ठेवा, पण कथा म्हणून आणि पत्त्यासकट. 'पुराणात उल्लेख आहे' हा संदर्भ नाही. कोणतं पुराण, कोणता खंड, अध्याय, कोणती छापील आवृत्ती ते लिहा. तेवढं नसेल तर 'स्थानिक आख्यायिकेनुसार' लिहून ती आख्यायिका नोंदवणाऱ्या गॅझेटियरचा किंवा पुस्तकाचा संदर्भ द्या. 'ऐन-ए-अकबरी'त इथल्या काच आणि साबणाच्या कच्च्या मालाचा उल्लेख आहे. मग अनुवादाचा खंड आणि पान द्या, एवढंच मागतोय.

दैत्यसूदन मंदिराला सरसकट 'हेमाडपंती' म्हणतात तेही तपासून घ्या. हेमाद्री हा तेराव्या शतकातल्या यादव राजांचा मंत्री. त्याच्या आधीच्या मंदिरालाही तेच नाव चिकटवलं की काळाची फसगत होते. बांधणीची पद्धत सांगायची असेल तर पद्धत सांगा, काळ सांगायचा असेल तर शिलालेख किंवा पुरातत्त्वाचा आधार द्या.

गोमुख

हे चालेल. पण तोच चाबूक विज्ञानालाही लावा. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा पहिल्याच आठवड्यात 'शैवालामुळे' असं ठामपणे छापून आलं होतं. नंतर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले आणि हॅलोआर्किया या खारप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याकडे बोट दाखवलं. पाणी घटलं, क्षार वाढले, आणि हे जीव फोफावले. पहिल्या आठवड्याच्या बातमीलाही 'संदर्भ' आहेच की! तुमच्या चार खुणांत ते वाक्य पहिल्या गटात जाऊन बसेल.

चावडीकर

गोमुख यांना +१. म्हणूनच म्हणतो, संदर्भ आहे की नाही हा अर्धाच प्रश्न. कोणत्या विधानाला कोणता संदर्भ पेलतो हा खरा. रंग बदलला, गर्दी झाली, विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला, याला बातमी पुरते. का बदलला, याला प्रयोगशाळेचा अहवाल लागतो.

तेच जुन्या ग्रंथांचं. इंग्रजांच्या काळातले गॅझेटियर लोणारला ज्वालामुखीचं विवर धरून चालतात. क्षारांचा व्यापार, यात्रा, गावाचा इतिहास यांसाठी ते सोनं आहे. उत्पत्तीसाठी नाही, कारण आघाताचा भक्कम पुरावा १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला: विवरातल्या दगडांत मास्केलिनाइट सापडलं. धक्क्याच्या प्रचंड दाबानं फेल्डस्पार या खनिजाची काच होते ती ही, ज्वालामुखीत तसा दाब नसतो. विसाव्या शतकात छापलेल्या मराठी कोशात छपाईनंतरचं वयमापन शोधणंही तसंच व्यर्थ. आणि मराठी विश्वकोश जालावर फुकट वाचता येतो म्हणून त्यातले परिच्छेद जसेच्या तसे उचलता येत नाहीत, प्रताधिकार तसाच राहतो.

दर्जांचीही गल्लत होते. 'युनेस्कोनं रामसर दर्जा दिला' हे चूक. रामसर हा पाणथळ जागांचा स्वतंत्र करार आहे, लोणारचा त्यात समावेश झाल्याचं नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर झालं. राज्यातलं पहिलं रामसर स्थळ नांदूर मधमेश्वर, ते त्याच वर्षी जानेवारीत जाहीर झालं. राष्ट्रीय भूवारसा स्मारक १९७९ चं, अभयारण्य २००० चं. तिन्ही देणारे वेगळे, म्हणून तीन वाक्यं आणि तीन संदर्भ.

पाटीपेन्सिल

आणि माहितीचौकटीत गुलाबी पाण्याचं चित्र नको. एरवी हिरवट दिसणाऱ्या सरोवराची ओळख त्या अपवादानं का करून द्यायची? ते चित्र २०२०च्या परिच्छेदाशेजारी ठेवा आणि मथळ्यात महिना-वर्ष लिहा. गुगलवरून उचललेलं चित्र कॉमन्स या विकिमीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहावर टिकत नाही, आणि ते हटलं की लेखातून चित्र जातं, मथळा तेवढा उरतो.

खडकवही

ठीक. छाटणीचा हट्ट थोडा सैल करतो. चूक सिद्ध झालेलं लगेच उडवायचं. आक्षेप असेल पण खरं-खोटं ठरलं नसेल तर महिना-वर्ष घातलेला साचा लावायचा, वाक्य घालणाऱ्या सदस्याच्या चर्चा पानावर निरोप ठेवायचा आणि तीस दिवसांनी उचलायचं. निरुपद्रवी वाक्य ठेवायचं. अंकपत्त्यावरून (खातं न उघडता, नुसत्या आयपी पत्त्यावरून) आलेलं असेल तर निरोप पोचेल याचा भरवसा नाही, तिथे तीस दिवसही नकोत.

वयाचा परिच्छेद इथेच मांडतो, बघा (तप्तदीपन म्हणजे तापवल्यावर खनिजातून निघणाऱ्या उजेडावरून वय काढणं, आर्गॉन-आर्गॉन म्हणजे खडकात साठलेल्या आर्गॉन वायूवरून):

'तप्तदीपन पद्धतीनं विवराचं वय सुमारे ५२,००० वर्षं येतं, तर आर्गॉन-आर्गॉन पद्धतीनं सुमारे ५,७०,००० वर्षं. पहिल्या पद्धतीत नमुना नंतर तापला असल्यास वय कमी दिसू शकतं. दुसरीत मूळ बेसॉल्टमधला जुना आर्गॉन काचेत अडकून राहिला असल्यास वय जास्त दिसू शकतं. सध्या दुसरं वय अधिक ग्राह्य मानलं जातं.'

चावडीकर

पहिली तीन वाक्यं चोख. त्रुटीची मर्यादाही घाला: ५२,००० ला ± ६,००० आणि ५,७०,००० ला ± ४७,०००. दोन्ही पट्टे एकमेकांना शिवतही नाहीत, हे वाचकाला आकड्यांवरूनच कळेल.

शेवटचं वाक्य तुमच्याच नियमानं उडतं. 'मानलं जातं' म्हणजे कोण मानतं? आणि 'सध्या' ज्ञानकोशात नकोच, पाच वर्षांनी वाचणाऱ्याचं 'सध्या' कोणतं? तसं म्हणणारा आढावा-निबंध असेल तर वर्षासकट लिहा. नाहीतर तीन वाक्यांवर थांबा.

खडकवही

उडवलं. तिन्ही वाक्यं ± सह चर्चा पानावर टाकतो, दोन्ही निबंधांच्या पानक्रमांकांसकट.

पाटीपेन्सिल

टाकताना 'तप्तदीपन'वर विकिदुवा द्या. आणि तो लाल दिसला (म्हणजे तो लेखच अजून नसला) तर काढू नका, तो लेख मी लिहायला घेते.