रविवारी गोव्यात हाफ आयर्नमॅन, शनिवारचा दिवस कसा काढू?

जळगावचा_सायकलवाला:
नमस्कार मंडळी, मी जळगावचा, भुसावळहून गोवा एक्सप्रेस धरली, आता पणजीत पोचलोय. परवा सकाळी पहिलीच हाफ, म्हणजे १.९ किमी समुद्रात पोहणं, ९० किमी सायकल आणि २१.१ किमी पळणं. तयारी बरी झालीय पण पोहणं सगळं स्विमिंग पूलमध्ये आणि थोडं धरणाच्या बॅकवॉटरला, समुद्र हा असा पहिल्यांदाच. उद्याचा अख्खा दिवस मोकळा आहे आणि नेमकं तेच जड जातंय. घरचे सोबत आलेत, त्यांना जुनं गोवं बघायचंय, आईने डब्यात कळण्याच्या भाकरी न् ठेचा दिलाय. काय खाऊ, किती फिरू, प्रॅक्टिस करू का नको? झोप लागेल असं वाटत नाही.

धुळे_रनर:
टेन्शन नको घेऊ भो, तयारी झालीय ना, मग उद्या फिटनेस काही वाढणार नाही, फक्त बिघडू शकतो. आईचा डबा घरच्यांना दे. कळण्यात सालासकट उडीद असतो, फायबर भरपूर, वर ठेचा, परवा सकाळी पोट साथ देणार नाही. उद्या साधा भात, दही, बटाटा, मऊ खिचडी आणि केळी, आपण जळगावचे, केळ्याचं तुला मी काय सांगू. पुस्तकी हिशोब असा की लांबच्या शर्यतीआधी दिवसाला वजनाच्या किलोमागे १० ते १२ ग्रॅम कार्ब्स, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ७०० ते ८४० ग्रॅम, आणि एका मध्यम केळ्यात २५-२७ ग्रॅमच असतात, त्यामुळे एका बैठकीत ते होत नाही, सकाळपासून थोडं थोडं खात राहायचं. मोठं जेवण दुपारी, रात्री हलकं आणि लवकर. पाणी तहानेप्रमाणे. काही जण आदल्या दिवशी बाटल्यांवर बाटल्या रिचवतात, ते खरंच धोक्याचं, रक्तातलं सोडियम उतरतं. जेवणात मीठ नेहमीपेक्षा जरा जास्त चालेल. आणि जुनं गोवं सोमवारी बघ, उन्हात पाय मोडत फिरू नको.

चाकं_आणि_चेन:
सायकल खोक्यातून काढून जोडलीयस ना, मग चेक-इनच्या, म्हणजे आदल्या दिवशी सायकल शर्यतीच्या जागी नेऊन ठेवायच्या, आधी अर्धा तास रस्त्यावर फिरवच. हँडलचे बोल्ट प्रवासात ढिले झालेले असतात, पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलव, हाताला खटखट लागली तर हेडसेट, म्हणजे हँडल फिरतं तिथलं बेअरिंग, परत आवळ. हँडलच्या टोकाला प्लग आहेत का बघ, नसले तर चेक-इनला अडवतात. रॅकवर लावताना गिअर हलक्यावर ठेव आणि टायरमधली हवा थोडी काढून टाक, फुल्ल हवा भरून दुपारभर उन्हात सायकल उभी केली तर ट्यूब फुटायची भीती असते, रविवारी पहाटे भर. मग समुद्राकडून चालत ये, आपला रॅक कितव्या ओळीत, जवळ कोणता खांब, कोणतं झाड, डोक्यात पक्कं कर. पाण्यातून बाहेर आल्यावर सगळ्या सायकली सारख्याच दिसतात.

भुसावळची_ताई:
दादा, समुद्रात उद्या सकाळी शर्यतीच्याच वेळेला उतरा, दहा-पंधरा मिनिटं पुरे, एकटे मात्र नको, जिथं बाकीचे स्पर्धक आणि लाईफगार्ड असतात तिथंच. खारं पाणी तोंडात जातं, लाटेमुळे श्वासाची लय तुटते, ते एकदा अनुभवलं की रविवारी घाबरायला होत नाही. मानेला व्हॅसलीन लावा, मिठाने घासून सालटी निघतात.
पण खरी गोष्ट वेगळीच आहे. आपल्या भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे आपल्याला वाटतं गोव्याची ३२ डिग्री काय करणार. आपली हवा कोरडी हो, घाम येतो तसा वाळतो आणि वाळता वाळता अंग गार करतो. गोव्यात हवेतच ओल, घाम वाळत नाही, नुसता निथळतो, म्हणजे पाणी गेलं, मीठ गेलं आणि अंग तापलेलंच. जळगावच्या थंड पहाटेचा पेस तिथं धरू नका. उद्या शांत बसून पळण्याचा पेस किलोमीटरमागे निदान २०-३० सेकंदांनी हळू लिहून काढा, शर्यत संपवायला एकूण साडेआठ तास असतात. आणि झोपेचं म्हणाल तर शनिवारी नाही लागली तरी चालतं, आजची नीट घ्या. फोन ठेवा आता.

जळगावचा_सायकलवाला:
ताई, भाऊ, मनापासून आभार, डबा घरच्यांकडे गेला. एकच शेवटचं, बाटल्या उद्याच सायकलला लावून ठेवू का?

चाकं_आणि_चेन:
नको भो, रात्रभर बाहेर राहिलेलं गोड पाणी खराब होतं, मुंग्या पण लागतात. पहाटे पंप नेशील तेव्हाच भरून ने.