मदत हवी आहे: लहान भावाला स्वतःच्या पायावर उभं करायचं आहे

नमस्कार मंडळी, आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. माझा लहान भाऊ २३ वर्षांचा आहे, बौद्धिक अपंगत्व आहे, युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलेलं आहे. बकऱ्या चारतो, गोठा झाडतो, आणि कोणती बकरी गाभण आहे हे माझ्याआधी त्याले समजते. पण पैशाचं जमत नाही. नोटा तो रंगावरून ओळखतो, पन्नासची निळी अन् शंभरची जांभळी, म्हणून शंभरची जुनी निळसर नोट हाती आली की गडबडते अन् पन्नासचीच समजून देऊन टाकतो. दुकानदार तर पैसेच घेत नाही, बिस्कीटपुडा असाच देते. त्यांची माया आहे मान्य आहे, पण मले वाटते त्याच्याकडून पैसे घ्यावे, तवाच तो शिकंल ना.

आई आता थकली. उद्या आम्ही नसलो तर, हा विचार आला की झोप येत नाही.

कोणी अशा पोराले व्यवहार शिकवला असंल तर कसा, कुठून सुरुवात केली ते सांगा. दुसरं, ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी असतो, त्यातून शेळीपालनाले मदत कोणाले मिळाली काय, अर्जात काय लिहिलं? अन् १८ वर्षांनंतर कायदेशीर पालकत्वासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कलेक्टरच्या समितीकडं अर्ज करतात, तो कोणी केला असंल तर कागदं कोणती लागली? गावातल्या भजनी मंडळात त्याले टाळ वाजवाले बसवतो म्हणतो, ते कसं बोलावं तेही सुचवा.