त्वचेवरचा सुपरग्लू सुरक्षितपणे कसा सोडवावा?

बालसाप्रेमी (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

आमच्या सोसायटीत आठवी ते दहावीच्या मुलांसाठी सुट्टीच्या दिवशी विमानांच्या छोट्या प्रतिकृती बनवण्याचा वर्ग चालतो. बालसा लाकडाच्या पट्ट्या जोडायला आम्ही सुपरग्लू वापरतो. जाड गोंद सहसा त्रास देत नाही, पण पाण्यासारखा पातळ गोंद सांध्यातून झिरपून पलीकडे धरलेल्या बोटांपर्यंत केव्हा पोहोचतो ते कळतही नाही. मागच्या वर्गात एका मुलीचा अंगठा आणि तर्जनी अशीच एकमेकांना चिकटली. एका पालकांनी ब्लेडने सोडवू म्हटले, तर दुसऱ्यांनी रॉकेल मागवले. अखेर कोमट साबणाच्या पाण्यात हात धरल्यावर बोटे सुटली, परंतु नेमके काय करावे आणि काय टाळावे यावर आमच्यात एकमत नाही. या गोंदाच्या नावात 'सायनो' असल्यामुळे तो विषारी आहे का, अशी शंकाही काही पालकांनी काढली. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रयोगशाळा

आपण कोमट पाण्याचा मार्ग धरलात तो योग्यच होता. मी अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे कारणासहित लिहिते.

बाटलीत हा गोंद सायनोअॅक्रिलेटच्या सुट्या रेणूंच्या रूपात असतो, आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्याचा जरासा स्पर्श होताच हे रेणू एकमेकांत गुंफून लांब साखळ्या तयार होतात. आपल्या त्वचेवर ओलावा कायम असतो, म्हणूनच लाकडापेक्षा बोटे आधी चिकटतात. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बंदुकीच्या पारदर्शक नेमयंत्रासाठी हे रसायन तपासले गेले, तेव्हा ते हात लावू तिथे चिकटते म्हणून बाजूला ठेवले गेले. गोंद म्हणून ते बाजारात यायला १९५८ साल उजाडले.

घट्ट झालेला थर पाण्यात विरघळत नाही. मात्र कोमट पाण्याने कातडी फुगते, साबणाने ती निसरडी होते आणि थराची कड सुटू लागते. त्यामुळे दहा-पंधरा मिनिटे हात बुडवून ठेवावा आणि मग बोटे विरुद्ध दिशांना ओढण्याऐवजी एकमेकांवर घोळवत, जणू साल सोलतो तशी, कडेपासून मोकळी करावीत. फट दिसू लागली की चमच्याचा गुळगुळीत दांडा तिच्यात हलकेच फिरवावा. ओढल्यास गोंद जागच्या जागी राहतो आणि कातडी निघते. ब्लेडचा तर विचारच नको.

एवढ्यानेही न सुटल्यास अॅसिटोन वापरता येतो, कारण तो हा थर खरोखर मऊ करतो. नेलपॉलिश रिमूव्हर घेताना त्यात अॅसिटोन आहे ना, हे लेबलवर वाचावे. 'अॅसिटोनविरहित' बाटलीचा इथे फारसा उपयोग होत नाही. अॅसिटोन अतिशय ज्वालाग्राही असल्यामुळे जवळपास गॅस, उदबत्ती किंवा निरांजन नसावे. जखमेवर, ओठांवर आणि डोळ्यांजवळ तो मुळीच लावू नये. नंतर हात धुऊन खोबरेल तेल लावावे, कारण अॅसिटोन त्वचेतला स्निग्धांश ओढून घेतो. रॉकेलाने गोंद सुटत नाही, कातडी मात्र चरचरते. आणि बोटांवर नुसता पातळ पापुद्रा उरला असेल तर काहीच करू नये. त्वचेचा वरचा थर झडतो तसा तो काही दिवसांत आपोआप जातो.

'सायनो'बद्दल: इथला सायनो गट कार्बनच्या साखळीला घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे गोंद बोटाला लागल्याने सायनाइडची विषबाधा होत नाही. मात्र सुकलेला गोंद पेटवू नये किंवा तापलेल्या सोल्डरिंगच्या टोकाने वितळवू नये, कारण तो धूर खरोखरच विषारी असू शकतो.

नेत्रविभाग

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. मी नेत्ररुग्णालयात परिचारिका आहे, म्हणून बोटांच्या पलीकडचे लिहिते.

गोंद डोळ्यात उडाला किंवा पापण्या चिकटल्या तर त्या जोर लावून उघडू नयेत. भरपूर कोमट पाण्याने डोळा पंधरा मिनिटे धुवावा, त्यावर ओली स्वच्छ घडी ठेवावी आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. चिकटलेल्या पापण्या बहुतेक वेळा एक ते चार दिवसांत सुटतात, परंतु आत बुबुळावर कडक कण घासत आहे का, हे डॉक्टरांनीच पाहावे लागते. ओठ चिकटल्यास बाहेरून कोमट पाणी आणि आतून लाळ यांनीच ते सुटू द्यावेत. तोंडात गोंद गेल्यास तो लाळेमुळे लगेच कडक होतो. तो तुकडा गिळू न देता पुढे वाकवून थुंकायला लावावा.

हे अपघात घडतात कसे, तेही सांगते. ट्यूबचे तोंड बंद झाले की ती चेहऱ्यासमोर धरून टाचणीने टोचतात, नाहीतर दातांनी टोपण उघडतात. काही वेळा गोंदाची छोटी बाटली आणि डोळ्यांच्या औषधाची बाटली एकाच खणात असते, आणि हाताला चुकीची लागते. वर्गातला गोंद औषधांच्या आसपासही ठेवू नका.

पातळथेंब

छंदाच्या टेबलावरचा जो धोका सर्वांत कमी ओळखला जातो, तो वर आलेला नाही: सुती कापड. पातळ गोंद कापसावर, सुती पँटवर किंवा लोकरीवर सांडला की तंतूंच्या प्रचंड पृष्ठभागावर तो एकदम घट्ट होतो आणि त्या क्रियेत इतकी उष्णता निघते की धूर येतो आणि खालची कातडी भाजते. मांडीवर ट्यूब फुटून अशी इजा झालेली मुले डॉक्टरांनी पाहिलेली आहेत. असे झाल्यास त्या जागी लगेच भरपूर थंड पाणी ओतावे, चिकटलेले कापड ओढून काढू नये आणि दवाखाना गाठावा. म्हणूनच सुती हातमोजे अजिबात नकोत. पॉलिथिनचे ढिले हातमोजे बरे. सांडलेला गोंद चिंधीने पुसायचा मोहही आवरावा.

वाफेचेही तसेच. थेंबावर वाकून सांधा न्याहाळणाऱ्याच्या डोळ्यांत आणि नाकात ती थेट जाते, आणि सतत संपर्काने काहींना दम्यासारखा त्रास सुरू होतो. वर्गातल्या दमेकरी मुलाला लाकडाचा साधा पांढरा गोंद द्यावा. खिडकी उघडी ठेवावी, पंख्याचा झोत चेहऱ्याकडून टेबलाकडे असावा.

आणखी एक सवय मोडायला हवी. कटरने बोट कापले की काही जुने छांदिष्ट जखमेवर हाच गोंद टिपतात आणि डॉक्टरही असाच गोंद वापरतात म्हणून समर्थन करतात. डॉक्टरांच्या गोंदात ब्यूटाइल किंवा ऑक्टाइल अशी लांब साखळी असते, ती सावकाश विघटित होते. आपल्या ट्यूबमधला बहुधा इथाइल प्रकारचा असतो. तो लवकर विघटित होतो, त्यातून फॉर्माल्डिहाइड तयार होते आणि जखम चिडते.

बालसाप्रेमी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक शंका मात्र राहते. कापसाने गोंद तापतो असे असेल, तर अॅसिटोन कापसाच्या बोळ्याने लावायचा की नाही?

प्रयोगशाळा

शंका रास्त आहे. उष्णता निघते ती द्रव गोंद घट्ट होताना. त्वचेवरचा थर पूर्ण सुकून कडक झाला असेल तर ती क्रिया संपलेली असते, आणि अॅसिटोनमध्ये भिजवलेला बोळा चालतो. गोंद अजून ओला असताना मात्र कोरडा कापूस त्यावर टेकवू नये.

बोळा वापरताना टेबलावरच्या प्रतिकृती दूर सरकवा, कारण अॅसिटोनने थर्माकोल विरघळून बसतो आणि प्लॅस्टिकचे भाग धुरकट होतात. मुलांचे चष्मेही प्लॅस्टिकच्या काचांचे असतात. त्यांवर गोंदाचा थेंब पडला तर अॅसिटोन न लावता चष्मा दुकानातच दाखवावा.