मदत हवी आहे: व्हानहाल यांची क्वार्टेट्स कुठे ऐकायला मिळतील?

मंद्रसप्तक: दोन आठवडे शोधून मी थकलो आहे. अठराव्या शतकातील संगीतकार व्हानहाल यांचे एक क्वार्टेट (चार वाद्यांसाठीची रचना) रेडिओवर अर्धवट ऐकले. पण शोध घेतला की त्यांच्या सिम्फनी आणि डबल बासचा कॉन्चेर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांची रचना) एवढेच समोर येते. कृपया नेमके ध्वनिमुद्रण सांगावे.

जुनी_तबकडी: आपण नाव कोणत्या स्पेलिंगने शोधत आहात? आणि आपल्याला सीडी हवी आहे की ऑनलाइन ऐकायचे आहे?

मंद्रसप्तक: अर्थातच ‘व्ही’ने. ऑनलाइन.

जुनी_तबकडी: अडचण बहुधा तिथेच आहे. बोहेमियातील (आजच्या चेकियातील) नेखानित्से येथे १७३९ मध्ये जन्मलेल्या आणि १८१३ मध्ये व्हिएन्नात निधन पावलेल्या या संगीतकाराचे नाव अनेक जुन्या छापील प्रतींवर ‘डब्ल्यू’ने येते आणि काही कंपन्या आजही तेच वापरतात. शिवाय पहिले नाव कुठे योहान बाप्टिस्ट, तर कुठे यान असे असते. त्याच काळातील चेक संगीतकार क्रोमर यांना क्रामार्झ आणि गिरोवेट्झ यांना यिरोवेत्स म्हणून शोधावे लागते, तसाच हा प्रकार आहे.

चेलोप्रेमी: माझे मत विचाराल तर आधी इटालियन संगीतकार बोक्केरिनी ऐका. माद्रिदमध्ये राहून त्यांनी दोन चेलोंची शंभरावर क्विंटेट्स (पाच वाद्यांच्या रचना) लिहिली, आणि ‘ला मान्यिफिका कोमुनिता’ या वाद्यवृंदाची ध्वनिमुद्रणे सहज मिळतात.

आतड्याच्या_तारा: त्याच काळातील संगीतकार प्लेयेल यांना विसरू नका. २४ एप्रिल १७८४ च्या पत्रात मोझार्ट यांनी वडिलांना प्लेयेल यांची नवी क्वार्टेट्स मिळवण्याचा सल्ला दिला होता. ‘प्लेयेल क्वार्टेट कोल्न’चे जुन्या पद्धतीच्या आतड्याच्या तारांवरचे वादन ऐका, आधुनिक पोलादी तारांवर या संगीतातला संवाद हरवतो.

चेलोप्रेमी: हे मला मान्य नाही. संवाद वादकांच्या श्वासात असतो, तारेत नाही. आणि तारेची अट घातली तर निम्मी दुर्मिळ ध्वनिमुद्रणे आपण ऐकणारच नाही.

मंद्रसप्तक: मी व्हानहाल यांच्याबद्दलच विचारले आहे. ‘डब्ल्यू’ने शोधल्यावर स्ट्रिंग क्वार्टेट्स मिळाली, त्याबद्दल आभार; पण त्यांपैकी एकही ते नाही, कारण त्यांत ते मुख्य सुषिर (फुंकून वाजवायचे) वाद्यच नाही.

जुनी_तबकडी: सुषिर वाद्य? हे आपण आधी सांगितले नव्हते. व्हानहाल यांनी बासरी किंवा ओबो (सनईसारखे, किंचित अनुनासिक आवाजाचे वाद्य), व्हायोलिन, व्हियोला आणि चेलो अशा चार वाद्यांसाठीही क्वार्टेट्स लिहिली आहेत. ही ध्वनिमुद्रणे पुष्कळदा संगीतकाराऐवजी बासरीवादकाच्या किंवा ओबोवादकाच्या नावाखाली नोंदलेली असतात, म्हणून ‘फ्लूट क्वार्टेट’ आणि ‘ओबो क्वार्टेट’ हे दोन्ही शब्द दोन्ही स्पेलिंगसह शोधून पाहा. रेडिओवर ऐकलेले वाद्य नक्की कोणते होते?

मंद्रसप्तक: आवाज किंचित अनुनासिक होता आणि शेवटची चाल तीन मात्रांची होती. तेव्हा ओबोपासून सुरुवात करतो.