पाळी वेळेवर येते, तरी तीन वर्षांत दिवस राहिले नाहीत

गुहागरची_सून:
वय २९. मिस्टर नालासोपाऱ्याला भाड्याच्या खोलीत, मी इथे सासूबाई आणि आंब्याच्या कलमांजवळ. पाळी २८-३० दिवसांनी येते, दुखतं पण कामं होतात. थायरॉईड नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल. आता डॉक्टर एचएसजी करा म्हणतायत, म्हणजे नळ्यांचा फोटो. शिमग्याला पालखी दारात आली तेव्हा गाऱ्हाणंही घालून झालं. माझ्यात दोष कुठे असेल?

खेडची_सिस्टर:
ताई, तीन वर्षांतले एकत्र किती दिवस, ते आधी मोजा. बावीस वर्षं मी बाळंतपणाच्या वॉर्डात आहे. चाकरमानी गणपतीला येतो, शिमग्याला येतो, मे महिन्यात आंबे काढायला येतो. त्या दिवसांत बीज सुटलेलं असतं का, हे कोण बघतं? ते सुटतं पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी, आणि टिकतं जेमतेम एक दिवस. वर्षभर प्रयत्न करूनही राहिलं नाही तर तपासा (पस्तिशीनंतर सहा महिन्यांनी), हा हिशेब एकत्र नांदणाऱ्यांचा. आणि मिस्टरांची वीर्यतपासणी? तुम्ही लिहिलीच नाहीत. २ ते ७ दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, एवढंच. एचएसजीच्या आधी ती.

मालवणकरीण:
बाय गो, सिस्टर सांगतत ता खरां. पण फोटो चुकवू नको. माझी पाळी तुझ्यासारखीच वेळेवर, आणि नळ्या दोन्ही बंद. कारण निघालं गर्भाशयाचा टीबी. ना खोकला, ना ताप! सहा महिने गोळ्या खाल्ल्या, टीबी गेला, नळ्या काही उघडल्या नाहीत. मग आयव्हीएफसाठी, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीसाठी, फोंडा घाटातून कोल्हापूरच्या खेपा. एचएसजी पाळी थांबल्यावर लगेच, साधारण दहाव्या दिवसाच्या आत करतात. कळ येते, पण थोडा वेळच. सोबत कोणीतरी ने.

दापोली_ते_दादर:
पुरुष आहे, तरी लिहितो. बायकोच्या तीन सोनोग्राफ्या, एक दुर्बिणीतून पोटाची तपासणी झाली, तेव्हा कुठे मी लॅबमध्ये गेलो. शुक्राणू कमी माझेच होते. चार वर्षं ती ऐकून घेत होती.

गुहागरची_सून:
कालनिर्णय काढून मोजलं. तीन वर्षांत ८३ दिवस, त्यातले कित्येक घर पाहुण्यांनी भरलेलं असताना. यांना फोन केला. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, रविवारी लॅब उघडी असते का बघतो. सासूबाईंना अजून काही बोलले नाही.