शब्दचर्चा : अर्ज दोनदा पोचला, तर तो 'दुबार' की 'दुहेरी'?

रावेर : केळीबागेच्या नोंदणीचा ऑनलाइन अर्ज मराठीत लिहितोय. एकच अर्ज दोनदा आला तर त्याला काय म्हणायचं? दुबार, दुहेरी की नक्कल?

चोपडा : दुबार. मतदार यादीत दुबार नाव म्हणतो तसंच. दुहेरी म्हणजे दोन पदरी. नक्कल तर आपण मागून घेतो, तलाठ्याकडून सातबाऱ्याची घेतो तशी.

धुळे : पण भाऊ, दुबार पेरणीत पहिलं बियाणं वाया गेलेलं असतं. इथे पहिला अर्ज नीट पोचलेला असतो. रेंज गेली, उत्तर आलं नाही, म्हणून शेतकऱ्याला तो वाया गेला असं वाटतं आणि तो पुन्हा बटण दाबतो. त्यात पडद्यावर 'दुबार अर्ज रद्द' असं आलं, तर मूळ अर्जच रद्द झाला समजून तिसऱ्यांदा भरेल. 'आपला अर्ज आधीच मिळाला आहे, पोच क्रमांक अमुक' असं लिहा. 'दुबार' हा शब्द कार्यालयातल्या यादीपुरता ठेवा.

रावेर : पटलं दादा. सध्या बटण दाबलं की ते बंद करतो. तेवढं पुरेल?

धुळे : नाही. त्याने घाईतले दोन क्लिकच थांबतात. अर्ज उघडताना सर्व्हरने एक टोकन, म्हणजे त्या अर्जापुरती वेगळी खूण, तयार करून लपलेल्या रकान्यात ठेवावं. डेटाबेसमध्ये त्या टोकनावर युनिक इंडेक्स (तेच टोकन दुसऱ्यांदा नोंदवू न देणारं बंधन) हवाच. 'आधी शोधा, नसेल तर घाला' एवढ्यावर विसंबलात तर एकाच क्षणी आलेल्या दोन विनंत्यांना काहीच सापडत नाही आणि दोन्ही नोंदी पडतात. इंडेक्सने दुसरी नोंद अडवली, की चूक न दाखवता पहिल्याच नोंदीचा पोच क्रमांक परत द्या. नोंद झाल्यावर ३०३ ने, म्हणजे ब्राउझरला 'आता ते पान उघड' असं सांगणाऱ्या HTTP संकेताने, पोचपावतीच्या पानाकडे वळवा. मग रिफ्रेश केलं तरी पावतीच पुन्हा उघडते, अर्ज परत जात नाही.

यावल : टोकनाऐवजी गट क्रमांक युनिक केला तर?

चोपडा : ताई, तसं नका करू. एका गटात अनेक खातेदार असतात. शिवाय एकाच शेतकऱ्याची त्याच गटात जूनची मृगबाग असते आणि पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरात लावलेली केळीचीच कांदेबागही असते. ते दोन्ही अर्ज खरे आहेत, त्यांना दुबार म्हणताच येणार नाही.

यावल : मग या गुणाला प्रोग्रामर आयडेम्पोटंट म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणायचं? एकफली?

धुळे : एकफली म्हटलं की एकच फळ धरणारं झाड डोळ्यांपुढे येतं. प्रोग्रामरच्या टिपणात आयडेम्पोटंटच राहू द्या, आणि पहिल्यांदा येईल तिथे फोड करा : 'कितीदाही पाठवलं तरी नोंद एकच.'